आरोग्य मोबाइलवर, पण मोबाइल कुणाकडे?

जगातील सुमारे २२० कोटी माणसे आजही इंटरनेटपासून दूर आहेत. आरोग्यसेवा मात्र झपाट्याने मोबाइलच्या पडद्यावर सरकते आहे. या दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतील, तर आजारी माणसाचे काय होते?

'माम्बो?' हा स्वाहिली भाषेतील अगदी साधा प्रश्न आहे. आपल्याकडे वाटेत भेटलेल्या माणसाला आपण 'काय, कसं काय?' असे विचारतो, तसाच. केनियातील तीन उपचार केंद्रांमधून २००७ पासून हा एका शब्दाचा संदेश दर आठवड्याला काही रुग्णांच्या मोबाइलवर जाऊ लागला. एचआयव्हीवरील औषधे नुकतीच सुरू झालेले हे रुग्ण होते. त्यांनी ४८ तासांत उत्तर द्यायचे. सारे ठीक असेल तर 'सावा', अडचण असेल तर 'शिदा'. अडचण कळवणाऱ्याला किंवा उत्तरच न देणाऱ्याला केंद्रातील आरोग्य कर्मचारी फोन करीत असे.

या प्रयोगात ५३८ रुग्ण सहभागी झाले होते. त्यांचे दोन गट करण्यात आले होते आणि संदेश एकाच गटाला जात होते. प्रयोगाचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. संदेश मिळणाऱ्या गटात औषधे नेमाने घेणाऱ्यांचे प्रमाण ६२ टक्के आढळले, तर संदेश न मिळणाऱ्या गटात ते ५० टक्के होते. कोणतेही महागडे यंत्र नाही, स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही. एका शब्दाच्या एसएमएसने एवढा फरक पडला. मोबाइलच्या मदतीने आरोग्यसेवा देता येते, हे सांगताना आजही या प्रयोगाचा दाखला दिला जातो.

मात्र याच प्रयोगातील एक तपशील सहसा सांगितला जात नाही. त्यात सहभागी होण्यासाठी रुग्णाकडे स्वतःचा मोबाइल असणे, किंवा निदान दुसऱ्या कुणाचा तरी हमखास वापरायला मिळणे आवश्यक होते. ज्याला तेही शक्य नव्हते, तो या प्रयोगाच्या दारातूनच परत गेला. डिजिटल आरोग्यसेवेचा सारा प्रश्न या एका अटीत सामावलेला आहे.

गरज तिथे सेवा नाही

ब्रिटनमधील वेल्स प्रांतात खाणकामगारांच्या वस्तीत काम करणारे डॉक्टर ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक सिद्धांत मांडला होता. ज्या वस्तीला वैद्यकीय सेवेची सर्वाधिक गरज असते, तिथेच चांगली सेवा सर्वांत कमी मिळते, असा त्याचा आशय. जगाच्या नकाशावर हा सिद्धांत आजही पडताळून पाहता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अहवालानुसार जगातील आजारांचा २४ टक्के भार आफ्रिका विभागावर होता. तेथील आरोग्य कर्मचाऱ्यांची संख्या मात्र जगातील एकूण संख्येच्या अवघी ३ टक्के होती. जगातील सुमारे ४५० कोटी लोकांना अत्यावश्यक आरोग्यसेवा पूर्णपणे मिळत नाहीत, असा संघटनेचा २०२१ चा अंदाज आहे.

ही विषमता मोबाइल कमी करील, अशी आशा दोन दशकांपूर्वी निर्माण झाली. त्यात तथ्यही होते. रस्ते बांधायला आणि डॉक्टर घडवायला वर्षे लागतात. मनोरा उभारायला काही आठवडे पुरतात. डॉक्टर गावात जाऊ शकत नसेल, तर निदान त्याचा सल्ला तरी जाईल, असा हा विचार. पण ज्या साधनाने विषमता दूर करायची, ते साधनच विषम वाटले गेले असेल, तर काय होते? ट्युडर हार्ट यांचा सिद्धांत मग नव्या रूपात पुन्हा खरा ठरतो.

टोकियो आणि आफ्रिका

ही दरी इंटरनेटच्या काळात जन्माला आलेली नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ब्रिटिश मुत्सद्दी सर डोनाल्ड मेटलंड यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला होता. या आयोगाने १९८५ च्या प्रारंभी सादर केलेल्या अहवालातील आकडे त्या काळी फार गाजले. जगातील ६० कोटी दूरध्वनींपैकी तीन चतुर्थांश केवळ नऊ देशांत होते. एकट्या टोकियो शहरातील दूरध्वनींची संख्या संपूर्ण आफ्रिका खंडातील दूरध्वनींपेक्षा अधिक होती.

मोबाइलने ते चित्र पार बदलून टाकले. तारांच्या जाळ्याची वाट न पाहता आफ्रिकेतील आणि आशियातील कोट्यवधी लोकांनी थेट मोबाइल हाती घेतला. पण एक दरी बुजते आहे असे वाटावे, तोच तिच्या शेजारी दुसरी दिसू लागते. दूरसंचार संघाच्याच २०२५ च्या अंदाजानुसार जगातील सुमारे ६०० कोटी लोक इंटरनेट वापरतात, तर २२० कोटी लोक वापरत नाहीत. श्रीमंत देशांत हे प्रमाण ९४ टक्के आहे. सर्वांत गरीब देशांत ते २३ टक्के आहे. शहरांत ८५ टक्के, तर ग्रामीण भागात ५८ टक्के. पुरुषांत ७७ टक्के, तर स्त्रियांत ७१ टक्के. नव्या पिढीच्या 'फाइव्ह-जी' जाळ्याची पोहोच पाहिली तर तफावत आणखी उघडी पडते. श्रीमंत देशांतील ८४ टक्के लोकसंख्येपर्यंत ते पोहोचले आहे आणि गरीब देशांत जेमतेम ४ टक्क्यांपर्यंत.

मनोरा आहे, पण जोडणी नाही

इंटरनेट नाही म्हटले की, आपल्या डोळ्यांसमोर डोंगरदऱ्यांतील, मनोऱ्याविना राहिलेले एखादे गाव येते. वस्तुस्थिती वेगळी आहे. मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार मोबाइल इंटरनेटचे जाळेच जिथे नाही, अशा भागात राहणारे लोक सुमारे ३५ कोटी आहेत. याउलट जाळ्याच्या कक्षेत राहूनही मोबाइल इंटरनेट न वापरणाऱ्यांची संख्या सुमारे ३१० कोटी आहे. म्हणजे मनोऱ्याअभावी वंचित राहिलेल्या प्रत्येक माणसामागे मनोऱ्याच्या छायेत वंचित राहिलेली जवळजवळ नऊ माणसे आहेत.

याचे पहिले कारण पैसा. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकी देशांत सर्वांत गरीब थरातील कुटुंबांसाठी साध्यात साध्या स्मार्टफोनची किंमत जवळपास महिनाभराच्या उत्पन्नाएवढी भरते. शिवाय फोन घेऊन खर्च संपत नाही. डेटा हवा, चार्जिंगसाठी वीज हवी. प्राथमिक ब्रॉडबँड सेवेची किंमत दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांपेक्षा कमी असावी, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०२५ सालासाठी ठेवले होते. अनेक गरीब देश त्यापासून फार दूर राहिले. काही ठिकाणी सरकारांनीच भर घातली. युगांडाने जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअॅप, फेसबुक यांसारख्या सेवांच्या वापरावर दररोज २०० शिलिंगचा कर बसवला. तो २०२१ मध्ये मागे घेतला गेला, पण त्याच्या जागी डेटावर १२ टक्के कर आला. सधन ग्राहकाला ही रक्कम किरकोळ वाटेल. रोजंदारीवर जगणाऱ्याला ती दर सकाळी मोजावी लागते.

दुसरे कारण भाषेचे आणि साक्षरतेचे. फोन हातात आहे, पण त्यावरील मजकूर परक्या भाषेत आहे किंवा वाचताच येत नाही, तर तो फोन केवळ बोलण्यापुरता उरतो.

तिसरे कारण जाळ्याच्या नाजूकपणाचे. टोंगा या प्रशांत महासागरातील बेटांच्या देशाला जगाशी जोडणारी समुद्राखालची केबल एकच होती. १५ जानेवारी २०२२ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात ती तुटली आणि मुख्य बेटाची जोडणी पूर्ववत व्हायला पाच आठवड्यांहून अधिक काळ लागला. मार्च २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ एकाच वेळी अनेक केबल निकामी झाल्या आणि कित्येक देशांतील इंटरनेट विस्कळीत झाले. श्रीमंत देशांकडे अशा वेळी पर्यायी मार्ग असतात. इतरांना वाट पाहावी लागते.

घरात एक फोन, तोही कुणाचा?

आकडेवारीत 'मोबाइल असलेले कुटुंब' ही नोंद फसवी ठरू शकते. फोन घरात असतो, पण तो घरातील कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो. आपल्याकडील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ५४ टक्के आढळले. कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या आणि पुरुष ५७ टक्के. आता माता-बालसंगोपनाच्या योजनांचा विचार करा. गर्भवतीने कोणती काळजी घ्यावी, बाळाला केव्हा लस द्यावी, हे सांगणारा संदेश नवऱ्याच्या फोनवर येतो. तो दिवसभर कामावर असतो. संदेश पोहोचल्याची नोंद संगणकात होते. ज्या बाईसाठी तो होता, तिच्या कानी तो पडतोच असे नाही.

दुसरी बाजू खासगीपणाची. संततिनियमन, गर्भपात, क्षयरोग, एचआयव्ही, मानसिक आजार यांविषयीचा संदेश सामायिक फोनवर आला तर तो मदतीऐवजी संकट ठरू शकतो. केनियातील त्या 'माम्बो?' या संदेशात आजाराचे नाव कुठेही नव्हते. कुणीही वाचला तरी तो मित्राने केलेली चौकशीच वाटावा. सेवेची आखणी करताना माणसाचा विचार आधी आणि यंत्राचा नंतर केला, तर काय साधते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

दक्षिण आफ्रिकेने ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू केलेली 'मॉमकनेक्ट' ही योजनाही याच वाटेने गेली. सरकारी दवाखान्यात तपासणीला आलेल्या गर्भवतीची नोंदणी तिथेच, साध्या फोनवरून, एक सांकेतिक क्रमांक फिरवून होते. गर्भारपणाच्या टप्प्यानुसार तिला संदेश मिळतात, तेही विनामूल्य. देशातील तेव्हाच्या अकराही अधिकृत भाषांची सोय करण्यात आली. तिला उलट प्रश्न विचारता येतो, दवाखान्यातील वागणुकीबद्दल तक्रारही करता येते. व्हॉट्सअॅपची जोड नंतर मिळाली. योजना राष्ट्रीय पातळीवर पोहोचली आणि लाखो स्त्रियांनी तिचा लाभ घेतला, ती साध्या फोनच्या बळावर.

लस, ओटीपी आणि रांग

डिजिटल दरीचा प्रत्यक्ष अनुभव आपल्याला आला तो कोविडच्या काळात. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा 'कोविन' संकेतस्थळावर आधी नोंदणी करून वेळ घेणे सक्तीचे होते. त्यासाठी मोबाइल हवा, त्यावर येणारा ओटीपी काही क्षणांत भरता यायला हवा आणि वेळा खुल्या होताच झडप घालण्याची चपळाई हवी. शहरी तरुणांनी आसपासच्या ग्रामीण केंद्रांवरील वेळा आरक्षित केल्या आणि त्याच गावातील लोक दारात ताटकळत राहिले, अशा बातम्या त्या दिवसांत महाराष्ट्रातूनही येत होत्या. संकेतस्थळ हिंदी, मराठी व अन्य भारतीय भाषांत उपलब्ध झाले ते जून २०२१ मध्ये.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये या सक्तीबद्दल सरकारला प्रश्न विचारले. डिजिटल साधने नसलेल्या नागरिकाचा लसीचा हक्क कसा जपणार, हा त्यांचा गाभा होता. त्याच सुमारास केंद्रावर जाऊन थेट नोंदणी करण्याची मुभा मिळाली आणि जूनच्या उत्तरार्धापासून आगाऊ नोंदणीची सक्ती उरली नाही. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, 'कोविन'ने कोट्यवधी नोंदी चोख ठेवण्याचे काम उत्तम केले. अडचण तंत्रज्ञानात नव्हती. लस मिळण्याचे दुसरे सारे दरवाजे बंद करून एकच डिजिटल दरवाजा उघडा ठेवण्यात होती.

फोनच्या पलीकडे कोण आहे?

टांझानियात २००९-१० मध्ये तीन जिल्ह्यांतील १२९ आरोग्य केंद्रांत एक प्रयोग झाला. दर गुरुवारी केंद्रातील कर्मचाऱ्याला एसएमएस जाई : मलेरियाची औषधे किती शिल्लक आहेत? वेळेवर उत्तर देणाऱ्याच्या फोनमध्ये थोडे पैसे जमा होत. प्रयोग सुरू झाला तेव्हा ७८ टक्के केंद्रांत मलेरियाचे एखादे तरी औषध संपलेले होते. एकविसाव्या आठवड्यात हे प्रमाण २६ टक्क्यांवर आले. पण औषध संपल्याचा संदेश स्वतः औषध घेऊन येत नाही. तो वाचून जिल्ह्याचा अधिकारी शेजारच्या केंद्रातील साठा हलवत होता, म्हणून हे घडले. गाडी नसती, साठा नसता किंवा अधिकाऱ्याला त्याची पर्वा नसती, तर केवळ टंचाईची नोंद अधिक अचूक झाली असती.

हीच गोष्ट विजेची. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक व अन्य संस्थांनी २०२३ मध्ये दिलेल्या माहितीनुसार कमी व निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे १०० कोटी लोक अशा आरोग्य केंद्रांवर अवलंबून आहेत, जिथे वीज भरवशाची नाही किंवा मुळीच नाही. जिथे प्रसूती विजेरीच्या उजेडात करावी लागते, तिथे 'क्लाउड'वरील आरोग्य नोंदींची चर्चा करणे हास्यास्पद ठरते.

आणि हीच गोष्ट माणसांची. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी त्यांना सरकारकडून मिळालेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. बालकांच्या पोषणाची नोंद ज्या 'पोषण ट्रॅकर'वर करायची, ते अॅप या कमी क्षमतेच्या फोनवर नीट चालत नव्हते. शिवाय माहिती इंग्रजीत भरावी लागत होती. ज्यांनी हे काम गावोगावी उभे केले, त्यांनाच हे साधन ओझे वाटू लागले होते.

प्रयोगांची साथ

गरीब देशांत डिजिटल आरोग्याचे प्रयोग कमी झाले असे नाही. उलट फार झाले. युगांडात २००८ आणि २००९ या दोन वर्षांत सुरू झालेल्या ३६ उपक्रमांपैकी २३ उपक्रम प्रायोगिक टप्प्यापलीकडे गेलेच नाहीत. प्रत्येक देणगीदाराचे अॅप वेगळे, नोंदवही वेगळी, आणि त्या भरणारी परिचारिका मात्र एकच. अखेर जानेवारी २०१२ मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने नव्या प्रयोगांना स्थगिती देऊन सर्वांना एका चौकटीत यायला सांगितले.

रवांडाचा धडा निराळा आहे. तेथे 'बेबिल' ही सेवा २०१६ पासून साध्या फोनवरूनही डॉक्टरांचा सल्ला मिळवून देत होती. वीस लाखांहून अधिक लोकांनी तिच्याकडे नोंदणी केली आणि सरकारने २०२० मध्ये दहा वर्षांचा करार केला. पण तिची मूळ ब्रिटिश कंपनी, 'बॅबिलॉन', २०२३ मध्ये कोसळली आणि रवांडातील सेवाही बंद पडली. सेवा चांगली होती, लोक ती वापरत होते. तिचे भवितव्य मात्र हजारो किलोमीटर दूरच्या ताळेबंदावर अवलंबून होते.

हा प्रश्न केवळ गरीब देशांचा आहे, असेही समजू नये. कोविडकाळात अमेरिकेने व्हिडिओद्वारे वैद्यकीय सल्ल्याला मान्यता दिली, पण अनेक वृद्धांना ते जमत नसल्याचे दिसताच, साध्या फोनवरील सल्ल्याचा मोबदलाही डॉक्टरांना देणे भाग पडले. गरीब कुटुंबांना इंटरनेटसाठी मदत देणारी तेथील योजना निधीअभावी १ जून २०२४ रोजी संपली, तेव्हा २ कोटी ३० लाखांहून अधिक कुटुंबे तिचा लाभ घेत होती.

मग करावे काय?

या साऱ्या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, सेवेची आखणी सर्वांत साध्या फोनपासून व्हावी. आवाज आणि एसएमएस यांवर जे भागते, त्यासाठी स्मार्टफोनची अट घालू नये, आणि आरोग्यविषयक संदेशाचा भुर्दंड रुग्णावर पडू नये.

दुसरी, यंत्र आणि रुग्ण यांच्यामध्ये माणूस असावा. आपल्याकडील 'ई-संजीवनी' सेवेने फेब्रुवारी २०२३ पर्यंत १० कोटी सल्ल्यांचा टप्पा गाठला. त्यांतील बहुतांश सल्ले रुग्णाने घरबसल्या घेतलेले नव्हते. तो गावातील आरोग्यवर्धिनी केंद्रात गेला, तेथील कर्मचाऱ्याने संगणक सुरू केला आणि दूरच्या डॉक्टरशी गाठ घालून दिली. लाभ घेणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. स्वतःचा फोन नसलेल्या बाईलाही अशा रीतीने डिजिटल सेवा मिळू शकते.

तिसरी, डिजिटल मार्ग हा अधिकचा मार्ग असावा, एकमेव नव्हे. कागदी नोंद, खिडकीवरची रांग आणि प्रत्यक्ष तपासणी हे पर्याय खुले राहायलाच हवेत. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये डिजिटल उपचारपद्धतींविषयी पहिली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तेव्हाही हेच बजावले होते : डिजिटल साधने कार्यक्षम आरोग्य व्यवस्थेला पर्याय ठरू शकत नाहीत.

चौथी, यशाचे मोजमाप बदलावे. किती लोकांनी अॅप उतरवून घेतले, हा आकडा जाहिरातीला ठीक आहे. सेवा कुणाला मिळाली नाही, हे मोजले पाहिजे : स्त्रिया किती, वृद्ध किती, आदिवासी पाड्यांवरचे किती, अपंग किती.

भारताच्या जी-२० अध्यक्षपदाच्या काळात, ऑगस्ट २०२३ मध्ये, गांधीनगर येथे डिजिटल आरोग्याच्या जागतिक उपक्रमाची घोषणा झाली. देशोदेशींची साधने आणि अनुभव एकमेकांना उपलब्ध व्हावेत, हा त्यामागचा हेतू. तो स्तुत्यच आहे. मात्र अशा उपक्रमांचे यश किती देशांनी सह्या केल्या यावर ठरणार नाही. केनियातील त्या प्रयोगातून फोन नाही म्हणून परत गेलेल्या माणसालाही आठवड्यातून एकदा कुणी तरी 'कसं काय?' असे विचारते का, आणि त्याने 'अडचण आहे' असे सांगितल्यावर कुणी तरी त्याच्या मदतीला धावून जाते का, यावरच ते ठरेल.